उतरवणी

सायकलची फ्रेम आणायला गेलो तो दिवस चांगला होता. धान कापून शेताच्या बांधीत पडलं होतं, उन्हाला चटका नव्हता आणि सकाळची एसटी वेळेवर मिळाली होती. पुढे काही वाईट घडेल असं मनात येण्यासारखं त्या दिवसात नव्हतं.

कुरखेड्याच्या बाजारात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चार खांब, वर टिन, खाली पाण्याचं घमेलं. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. आईबाप लवकर गेले, म्हणून लहान भावाला, दसरूला, मीच वाढवलं. त्याला ताप आला की मी रात्रभर त्याचे तळवे चोळत बसायचो. माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्या काळी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवसांत सायकलवाले येत. पटांगणात मधोमध बांबू रोवायचा, त्याला भोंगा बांधायचा आणि बांबूभोवती सात दिवस सायकल फिरवायची. पाय भुईला लावायचा नाही. जेवण सायकलवर, आंघोळ सायकलवर, डुलकीही सायकलवरच. सातव्या दिवशी घरची बाई तांब्या घेऊन यायची, त्याचे पाय धुवायची आणि आपल्या हातांनी एकेक पाय भुईवर ठेवायची. त्याला उतरवणी म्हणत. उतरवणी झाल्याशिवाय तो माणूस उतरला असं कोणी मानत नसे.

दसरूच्या डोक्यात तेच बसलं होतं. "दादा, दरसाल बाहेरचाच येते. आपल्या गावचा काऊन नाई?"

मी नाही म्हणू शकलो नाही. पण साधी सायकल या कामाला चालत नाही. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलच्या आत लहान दात असतात, आम्ही त्यांना कुत्रे म्हणतो. त्यांच्यामुळे पाय थांबवले तरी चाक पुढे जातं. या खेळाला चाक पक्कं लागतं. फ्रीव्हील वेल्ड करून टाकायचं, मग चाक फिरलं की पायडल फिरणारच आणि पायडल थांबलं की चाक थांबणारच. अशी सायकल जागेवर उभी राहते, मागेही जाते. आणि एकाच अंगाने गोल गोल फिरताना सगळा भार फ्रेमच्या मानेवर, हँडलखालच्या जोडावर येतो, तिथे नव्या फ्रेमा तडकतात. त्याला जुनं विलायती पोलादच पाहिजे. तशी एक फ्रेम कोसमटोल्याला धुरपताबाईच्या घरी आहे, असं मला कळलं. तिचा नवरा मुखरू हा खेळ करायचा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

फाट्यावर उतरून जंगलातून पायी गेलो. धुरपताबाई अंगणात धान पाखडत होती. फ्रेम पडवीच्या आड्याला दोरीने टांगलेली होती. रंग उडालेला, जोडांवरचं पितळ उघडं पडलेलं, चाकं नाहीत, पण पायडल जागेवर. मी बोटाने ठोकून पाहिली. आवाज घंटेसारखा उठला आणि कितीतरी वेळ गेला नाही. पायडल फिरवून पाहिलं, तर गंजून घट्ट बसलेलं. दोन्ही हातांनी जोर केला, हललं नाही.

"कोनासाठी पाह्यजे, भाऊ?"

"लहान भावासाठी. मंडईत सायकल चालवनार हाय."

तिचं सूप थांबलं. "उतरवनीले घरी बाई हाय का?"

"नाई. मी अन् तो, दोघंच."

"मंग तुमी लुगडं नेसून धुसान का त्याचे पाय?"

मी हसलो. तीही थोडी हसली, पण डोळे फ्रेमवर होते.

"न्या," ती म्हणाली. "वरच्यावर किती दिवस ठेवू मी तरी... पन एक आयका. उतरवनीले मले बलावजा. मीच पाय धुईन."

मला ते मायेचं वाटलं. व्यवहाराचं बोलणं दोन शब्दांत आटोपलं आणि फ्रेम खांद्यावर घेऊन मी निघालो.

दुपार कलली होती. सागाची पानं वाटेवर पडलेली, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखी वाजत. बाकी जंगल गप्प. थोडं चाललो आणि कानाजवळ दुसरा आवाज येऊ लागला. कट... कट... कट. पायडल फिरत होतं. हिसक्यांनी गंज सुटला असेल, असं मी म्हटलं. मिस्त्री माणसाच्या मनात आधी गंजच येतो. मी थांबून सुतळीने पायडल फ्रेमला बांधून टाकलं.

पुढे नाला लागला. फ्रेम मोहाच्या फांदीला अडकवून मी पाणी प्यायलो. ओंजळीतून मान वर केली तर सुतळी सुटलेली. ती कुठे पडली नव्हती. पायडलच्या दांड्याभोवती धाग्याच्या रिळासारखी नीट गुंडाळली गेली होती. आणि पायडल फिरत होतं, सावकाश, चढावर माणूस दमून पाय मारतो तसं. वारा नव्हता. मोहाचं एक पान हलत नव्हतं. गंजाचा वास येत होता, आणि त्यात घामाचाही.

मी फ्रेम पुन्हा खांद्यावर घेतली. निघताना होती त्यापेक्षा ती जड लागली. मी दमलो होतो, म्हणून तसं वाटलं असेल.

घरी आल्यावर रॉकेलमध्ये बेअरिंगच्या वाट्या धुतल्या, छर्रे नवे घातले, पुढचा चिमटा बसवला, चाकं ताणली. दसरूने चालवून पाहिली आणि त्याचं तोंड उजळलं. "दादा, हे तं आपल्याआपच चालते!"

मंडईला खेळ सुरू झाला. पहिले दिवस फार आनंदाचे गेले. न्हावी सायकलीबरोबर धावत धावत त्याची दाढी करायचा आणि लोक पोट धरून हसायचे. पानठेलेवाला देवाजी ओरडायचा, "दसऱ्या, लगन तरी खाली उतरून करशील का नवरीलेच डबलसीट घेशील?" दसरू हात सोडून नमस्कार करायचा. मी कडेला बसून त्याला घासाघासाने भात देत होतो.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला देवाजीने गॅसबत्ती लावली. दसरू माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "दादा... जवळून चाल."

मी त्याच्या बाजूने चालू लागलो.

"मी पाय नाई मारून राह्यलो," तो म्हणाला.

"का म्हनतं?"

"कालपासून. मी नाई मारून राह्यलो, दादा... दुसरं कोनीतरी..."

मी खाली पाहिलं. त्याचे पाय पायडलवर होते, पण पोटऱ्या सैल होत्या, झोपलेल्या पोराच्या असतात तशा. पायडल त्या पायांना वर नेत होतं, खाली आणत होतं.

"उतर," मी म्हटलं.

"पाय निघत नाई."

मी हँडल धरलं. मी अंगाने कमी नव्हतो, भरल्या गाडीचं चाक उचलायचो. सायकलने मला ओढत नेलं. हिसका नाही, घाई नाही. घाण्याचा बैल चालतो तसं. मग मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि चालत्या सायकलची चेन पाडली. चेन धुळीत पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो खेळच वाटला.

चेन धुळीत होती आणि पायडल फिरत होतं. चाकही फिरत होतं.

शेवटच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ मी धुरपताबाईला निरोप धाडला आणि त्याच्या बाजूने चालत राहिलो. त्याला पाणी पाजत होतो, नाव घेत होतो. पहाटेपर्यंत तो ओ देत होता. मग तेही बंद झालं. डोळे उघडे, समोर लागलेले.

दुपार उलटल्यावर धुरपताबाई आली. हातात पितळेचा तांब्या. भोंगा मी बंद करवला होता. मंडईची दुकानं उठली होती, पटांगणात थोडीच माणसं होती. तिने दसरूच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्याच्या जरा मागे, कोणी खांद्यावरून वाकून बसलेलं असावं, तिथे ती पाहत होती.

"बाई, हे का हाय?" मी विचारलं.

ती सायकलीवरून नजर न काढता बोलली. "माहे मालक सायकलवरच गेले, भाऊ. कवा गेले कोनाले समजलंच नाई. सायकल फिरतच होती. मंग लोकं घाबरले अन् तसंच उचलून तिरडीवर घेतलं. मी तांब्या घेऊन उभी होती. म्या म्हनलं, पाय तं धुऊ द्या. कोनी आयकलं नाई... त्यांचे पाय भुईले लागलेच नाई."

मग ती पदर खोचून रिंगणात गेली आणि सायकलीच्या वाटेत उभी राहिली.

"लई झालं," ती म्हणाली, नवऱ्याला जेवायला बोलवावं तशा आवाजात. "या आता खाली."

सायकल तिच्यासमोर येऊन थांबली आणि उभीच राहिली. दसरू सीटवर पोत्यासारखा बसलेला, तोल सांभाळणारं कोणी नाही. धुरपताबाई खाली बसली आणि पायडलच्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं तिथे, तिने पाणी ओतलं. पाणी सरळ खाली पडलं नाही. मधेच फुटलं, दोन्हीकडून ओघळलं. तिने दोन्ही हातांनी काहीतरी धरलं आणि हळूच भुईवर ठेवलं. धुळीत ओल्या पावलाचा ठसा उमटला. मग दुसरा. लांब बोटांची पावलं.

तिने त्यांच्यावर कपाळ टेकलं. किती वेळ ती तशीच होती.

मी दसरूला घ्यायला पुढे झालो. तिने हात आडवा केला.

"थांबा, भाऊ." ती पुन्हा वर पाहत होती. तिचा आवाज बदलला होता. "अजून कोनी तरी हाय..."

"कोन?"

"मले का मालूम? त्यांनी बी तं जुनीच घेतली होती कोनापासून..."

तिने पाणी ओतलं. ते पुन्हा मधेच फुटलं. ही पावलं रुंद होती, एका पावलाला करंगळी नव्हती. तांब्या रिकामा झाला तसा मी बोरिंगवरून भरून आणला. पुन्हा भरून आणला. ती धुत होती, ठेवत होती, "या, बापा, या" म्हणत होती, आणि ओली पावलं रिंगणाबाहेर जात होती, कोणी या दिशेला, कोणी त्या. माणसं त्यांना वाट देत मागे सरकत होती. मी मोजत नव्हतो. मला एकच भीती होती, माझ्या भावाची पाळी येईल की नाही.

शेवटी ती म्हणाली, "आता तुमचा."

दसरू माझ्या अंगावर कलला. हलका झाला होता फार. मी त्याला कमरेला धरलं, धुरपताबाईने त्याचे पाय धुतले. उजवा पाय मी माझ्या हातांनी भुईवर टेकवला, मग डावा. तिथली धूळ तोवर चिखल झाली होती. सायकल आपोआप आडवी पडली. दसरूने डोळे मिटले, उघडले आणि मला ओळखलं.

"दादा, भूक लागली," तो म्हणाला.

मला रडू आलं. त्याला धरून मी दोन पावलं चालवलं आणि मग मागे पाहिलं. चिखलात माझे पाय उमटले होते. धुरपताबाईचे उमटले होते. दसरूने पाय ठेवले होते तिथे चिखल सपाट होता, नुकताच लिंपल्यासारखा.

धुरपताबाईनेही ते पाहिलं होतं. तिने पायाने तो चिखल भरभर कालवून टाकला आणि पदर तोंडावर ओढला.

"घरी न्या त्याले," ती हळूच म्हणाली. "जेवू घाला."

मी घरी नेलं, जेवू घातलं. पोटभर जेवला. फ्रेमचे मी करवतीने तुकडे केले आणि गावाबाहेरच्या बोडीत, लहान तळ्यात बुडवले. दसरू चांगला झाला. माझ्याबरोबर दुकानात बसू लागला, हसू लागला, पंक्चर काढताना गाणी म्हणू लागला. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न लावलं. नवरी वडशाकडची, वच्छला नावाची. गुणाची पोरगी. मंडईतलं तिला मी काही सांगितलं नव्हतं.

लग्नाला थोडे दिवस झाले असतील. एका पहाटे मी पडवीत जागा होतो. वच्छलाने अंगणात शेणाचा सडा घातला होता, अंगण ओलं होतं. दसरू उठला आणि त्या ओल्या सड्यावरून बाहेर गेला. मी मान फिरवून घेतली, तिकडे मी कधी पाहत नसे. पण वच्छला सड्यावर त्याची पावलं शोधत होती. ती हातातली बादली धरून बराच वेळ उभी राहिली.

मग तिने बादली खाली ठेवली आणि तो गेला होता त्याच वाटेने, त्याच्याएवढं लांब पाऊल टाकत, दाबून दाबून, फाटकापर्यंत चालत गेली.

आजही ती रोज पहाटे तशी चालते. मी तिला कधी विचारलं नाही. तिनेही मला नाही.