युरिया आमीच टाकला

भर चौकात गाडी उभी करून तिच्याखाली झोपलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. सकाळची वेळ, सोलापुरातला सात रस्ता चौक, आणि मधोमध काळीभोर, ऐसपैस, परदेशी बनावटीची डिझेल एसयूव्ही. तिच्याखालून फक्त दोन पाय बाहेर आलेले. मागे रिक्षा, टेम्पो, सिटी बस... सगळे हॉर्न दाबून बसलेले, आणि त्या पायांना त्याचं काही नाही!

मी स्कुटीवरून कामावर निघाले होते. उन्हासाठी तोंडाला स्कार्फ, हातात मोजे. गुपचूप बाजूने निघून जायला हवं होतं खरं. पण तसली महागडी गाडी आणि तिच्याखाली पाना घेऊन पडलेला माणूस बघून माझा जीव कळवळला. मी करकचून ब्रेक दाबला.

"अहो! ट्रॅक्टर आहे का हा? आधी बाहेर या!"

पाय हलले. मग हळूहळू अख्खा माणूस बाहेर आला. अंगात नवा कोरा पांढरा शर्ट, त्यावर काळे डाग, गालावरही एक डाग. आणि डोळे... ते इतके हसरे होते की पुढे काय सुनवायचं होतं तेच मी विसरले.

"ताई, बाजूनं जावा की. जागा हाय भरपूर."

"ताई कोणाला म्हणता? आणि गाडी शोरूमला का नाही नेली?"

"शोरूम?" पोलीस चौकीचं नाव घेतल्यासारखा तो दचकला. "तितं लुटारू बसल्यात. गाडी आत घेत्यात आणि आपल्याला काचेच्या अलीकडं बसवून चहा पाजत्यात. आपलीच गाडी आणि आपल्यालाच बंदी! मी घरीच करतो सगळं. तेल, फिल्टर, ब्रेकचे पॅड बी."

मी सावकाश स्कार्फ सोडला. माझ्या शर्टावर त्याच गाडीचं चिन्ह होतं आणि खाली माझं नाव – वैजयंती, सर्व्हिस ॲडव्हायझर.

त्याने चिन्ह वाचलं, नाव वाचलं, मग पुन्हा गाडीवरचं चिन्ह बघितलं. चेहरा असा गोरामोरा झाला म्हणता!

"चहा मात्र लई चांगला असतो म्हणं तुमचा," तो चाचरत म्हणाला.

मला हसू फुटत होतं, पण मी ते दाबलं आणि टोइंगची गाडी बोलावली. तेवढ्यात मागचं दार उघडून फेटा बांधलेले एक गृहस्थ उतरले. हे त्याचे वडील, बापूसाहेब. माळशिरसकडचे, ऊसवाले. मुलाचं नाव अभिमन्यू.

"पोरी, आज दुपारपत्तुर व्हईल न्हवं?" बापूसाहेब म्हणाले. "अक्कलकोटला मुलगी बघायला निघालोय. ह्याच्यासाठी."

माझ्या छातीत धस्स झालं. का झालं? पाच मिनिटांपूर्वी भेटलेल्या, मला ताई म्हणणाऱ्या माणसासाठी? माझं मलाच कळेना.

वर्कशॉपमध्ये गाडी वर उचलली. आमचे मुख्य मेकॅनिक गुरुबसप्पा खाली उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कोणाचं काम हे? एक थेंब गळती नाही, एक नट सैल नाही."

"घरी केलंय त्यांनी," मी म्हणाले, आणि गुरुबसप्पांच्या भुवया टोपीत गेल्या. माझ्याही गेल्या असत्या, पण मला टोपी नव्हती.

खरा धक्का पुढे होता. या नव्या डिझेल गाड्यांना डिझेलशिवाय आणखी एक छोटी टाकी असते. धूर स्वच्छ व्हावा म्हणून तिच्यात कारखान्यात बनवलेलं युरियाचं शुद्ध द्रावण भरतात. त्यात गडबड झाली की गाडी रुसते आणि सुरूच होत नाही. गुरुबसप्पांनी ती टाकी उघडली. आत पांढरा थर! पंपाला, पाइपला, सगळीकडे खवल्यासारखा चिकटलेला. इतक्या वर्षांत मी असलं काही बघितलं नव्हतं.

खरवडून काढलेला तुकडा घेऊन मी बाहेर आले. "या टाकीत काय घातलं होतं?"

हा प्रश्न मी रोज विचारते आणि उत्तर मला पाठ आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी कधी काही केलेलं नसतं. गाडी पाण्यात गेली तरी ती आपोआप गेलेली असते.

"कायबी न्हाय," बापूसाहेब छताकडे बघत म्हणाले. "कंपनीचंच हुतं आतमदी."

अभिमन्यूने माझ्या तळहातावरचा तुकडा उचलला. वास घेतला. आणि तो वडिलांकडे वळला.

"आण्णा... शेतातला युरिया?"

"गप की!" बापूसाहेब पुटपुटले. "वॉरंटी जाईल!"

अभिमन्यू सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, युरिया आमीच टाकला. पोत्यातला. मला आत्ता कळलं, पण घरातनंच झालंय. वॉरंटी जात असंल तर जाऊ द्या."

हातातला पेन खाली पडला तो उचलायचंही सुचलं नाही. खरं बोलणारं गिऱ्हाईक? आमच्याकडे?

बापूसाहेब मात्र भडकले. "पंपावरचा म्हणाला, युरिया संपलाय. मग? घरात पोती पडल्यात! बादलीत ढवळला, धोतराच्या फडक्यानं दोन येळा गाळला, मग वतला. उसाला चालतोय की!"

सगळं वर्कशॉप हसून लोळलं. मी मात्र त्या मुलाकडे बघतच राहिले.

आता मुलगी बघायला दुसऱ्या गाडीने जावं की नाही? छे! बापूसाहेबांनी पाहुण्यांना ठासून सांगितलं होतं, आम्ही आमच्या मोठ्या गाडीतूनच येणार. "दुसऱ्याच्या गाडीतनं गेलो तर इज्जत काय ऱ्हायली?" म्हणून कार्यक्रम पुढे ढकलला. गाडी झाली की बघणं. म्हणजे तारीख माझ्या हातात.

पार्ट पुण्याहून यायचे होते. अभिमन्यू रोज माळशिरसहून एसटीने यायचा आणि काचेला नाक लावून उभा राहायचा. शेवटी मीच त्याला सेफ्टी बूट दिले आणि आत घेतलं. गुरुबसप्पा डोळे विस्फारून बघत राहिले. नियम मोडणारी मी नव्हेच!

"मॅडम, घरी काय करायचं आणि हितं काय आणायचं, एकदा सांगूनच टाका."

"तेल, फिल्टर, ब्रेक पॅड खुशाल घरी करा. हात चांगला आहे तुमचा. पण सेन्सर, इंजेक्टर, धुराची भानगड... जिथं गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलावं लागतं, तिथं आमच्याकडे यायचं."

"आणि जितं सर्व्हिस ॲडव्हायझरशी बोलावं लागतं... तितं?"

"तिथं जपून," मी म्हणाले. कान तापले होते माझे.

"जपूनच बोलतोय की. न्हायतर लई काय काय बोललो असतो."

दुपारी कडुलिंबाच्या सावलीत आम्ही डबा खायचो. त्याच्या आईच्या भाकरी आणि माझ्या आईची शेंगाचटणी. तो शेळ्यांच्या खोड्या सांगायचा, मी गिऱ्हाइकांच्या थापा. एकदा भाकरी मोडताना त्याचा हात माझ्या हाताला लागला आणि दोघांनीही तो पटकन मागे घेतला नाही.

"मुलगी कशी आहे?" मी विचारून टाकलं.

"फोटोत बरी हाय." तो खाली बघत राहिला. "मॅडम, मनात एक हाय. पण गाडी तुमच्या ताब्यात असताना बोललो तर तुमी म्हणशाल, बिलासाठी गोड बोलतोय. म्हणून गप हाय."

मी घास तसाच हातात धरून बसले. म्हणजे हा बोलणार नाही! गाडी मिळाल्यावर थेट अक्कलकोट. बापूसाहेबांनी एकदा तिकडे सुपारी फोडली की हा शब्द मोडणारा माणूस नाही, हे मला आतापर्यंत कळून चुकलं होतं.

पार्ट आले. टाकी बदलली. त्या दिवशी इंजिन पहिल्याच बटणाला इतकं गोड सुरू झालं की मला रडू आलं.

गुरुबसप्पांच्या नजरेतून काही सुटत नाही. ते जवळ येऊन म्हणाले, "बाई, आणखी थोडे दिवस ठेवू का? सेन्सर तपासतोय म्हणू. कोणाला कळतंय?"

खोटं नाही सांगत, जीभ अगदी 'ठेवा' म्हणायला वळली होती. पण मला खरं बोललेल्या त्या माणसाला थाप मारून ठेवून घ्यायचं? आणि मग त्याच्या डोळ्यांत बघायचं? नाही जमणार.

बापूसाहेब फेटा बांधूनच आले होते. "झाली का? चला, आत्ताच निघू. पाहुण्यांना फोन केलाय!"

मी किल्ली अभिमन्यूच्या हातात ठेवली. "गाडी तयार आहे." पण माझी बोटं किल्लीवरून निघेनात. "आता ती माझ्या ताब्यात नाही. बोलायचं असेल तर बोला..."

त्याने तोंड उघडलं, वडिलांच्या फेट्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं. माझ्या संयमाचा कडेलोट झाला.

"बरं, मग मीच बोलते! अक्कलकोटला जाऊ नका!"

"आँ?" बापूसाहेब हबकले. "परत बंद पडती का काय?"

"गाडी नाही हो बंद पडत! तुमचा मुलगा मला आवडतो. त्याने दुसरी मुलगी बघितलेली मला चालणार नाही!"

कोणाच्या तरी हातातून पाना खणकन पडला. मी स्वतःच तोंडावर हात ठेवला. हे मी बोलले? युनिफॉर्ममध्ये? गिऱ्हाइकाच्या वडिलांना?

"आण्णा," अभिमन्यू पुढे येऊन म्हणाला, "मला बी हीच पायजे. दुसरी कुणी नगं."

बापूसाहेब मटकन खुर्चीत बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला. एकदा माझ्याकडे, एकदा मुलाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता भडका उडणार. त्यांनी खिशातून फोन काढला.

"पाव्हणं, आमचं येणं रहित झालं. चूक आमची हाय, तुमची न्हाय. पोराचं मन दुसरीकडं बसलंय, आणि मला ते आत्ता कळलं. माफी असावी." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "मूळ गाव कुटलं तुमचं?"

"वेळापूर, तुमच्याच तालुक्यातलं," मी कशीबशी म्हणाले. "घर इथंच. जुळे सोलापूरला."

"आई-वडील घरात हायत?"

"आहेत..."

"मग बस की गाडीत! मुलगी बघायलाच निघालो हुतो. रस्ता दाव."

गुरुबसप्पांनी हसतहसत मला रजा देऊन टाकली. अभिमन्यूने पुढचं दार उघडलं. मी, हाताला ग्रीस लागलेली, त्या गाडीत जाऊन बसले. त्याने गियर टाकताना हळूच माझी करंगळी धरली आणि मी ती सोडवून घेतली नाही. मागच्या सीटवर बापूसाहेब फेटा पुन्हा बांधत होते.

मी आईला फोन लावला. "आई... मला बघायला पाहुणे येताहेत. आत्ता."

"अगं बाई! आत्ता? आणि तू कुठं तडफडलीस?"

"त्यांच्याच गाडीत!"