हिनेराऊचे प्रावरण

दक्षिण सागरातील त्या बेटावर अजून कोणा गोऱ्या राजाचे निशाण फडकले नव्हते. पहाट फुटत होती. कड्यावरच्या माओरी गढीचे लाकडी तट धुक्यातून वर येत होते, आणि खाडीच्या मुखाशी रोवलेला तांबडा खांब मात्र जागेवर नव्हता. गढीचा सरदार 'ते अवा' याची थोरली बहीण हिनेराऊ, तिची एकुलती लेक महिन्यापूर्वी त्या पाण्यात बुडाली होती. तिच्या स्मरणार्थ रोवलेला तो खांब उभा आहे तोवर तिथे कोणी जाळे टाकायचे नाही, असा तिथला कडक निर्बंध. खाडीत नांगरलेल्या गोऱ्यांच्या गलबताचा कप्तान ब्लँचर्ड याने तो शिडाच्या काठीसाठी तोडून नेला. शहाण्याला ते नुसते लाकूड वाटले!

सूर्य कासराभर वर येतो तोच कप्तानाला मुसक्या बांधून गढीत आणले गेले. सोबत त्याचा दुभाष्या, हर्णैचा खलाशी धाकू खारवी.

"मृताची विटंबना रक्तानेच फिटते!" ते अवाने गदा उचलली.

तेवढ्यात हिनेराऊने, लेकीच्या लग्नासाठी विणलेले आणि आता स्वतःच पांघरलेले तागाचे प्रावरण कप्तानाच्या अंगावर टाकले. थोर कुळातल्या स्त्रीने ज्याला आपले वस्त्र पांघरवले, त्याला शस्त्र लावायचे नाही, हा तिथला रिवाज.

"भाऊराया, आणखी एका आईला रडवू नकोस. आजपासून हा माझा."

गदा खाली आली. मुसक्या सोडल्या गेल्या आणि कप्तान धाकूसह, प्रावरण घेऊन गलबतावर परतला.

पण मुसक्यांचा अपमान कप्तानाला रात्रभर डसत राहिला. दुसऱ्या पहाटे गलबताच्या तोफा गढीकडे वळल्या. दवापासून जपायला एका तोफेवर तेच प्रावरण घातलेले पाहून धाकूचे काळीज फाटले.

"सायेब, ह्ये तुमचं जीवदान हाय! त्या म्हातारीच्या अंगावरचं!"

"चटई आहे ती. काढ आणि बाजूला हो."

धाकूने ते काढले, छातीशी बांधले आणि समुद्रात उडी घेतली. ओरडत, हात मारत तो किनाऱ्याकडे निघाला.

किनाऱ्यावर हिनेराऊ उभी होती. गलबत निघण्यापूर्वी आपला माणूस निरोप घ्यायला येईल म्हणून तिने टोपलीभर रताळी भाजून आणली होती. धाकूची हाक तिला ऐकू गेली नाही. पहिलाच गोळा तिथे पडला.

ते अवा धावत आला तेव्हा धाकू ते ओले प्रावरण तिच्या अंगावर घालत होता.

"तू का परत आलास?" सरदाराचा आवाज फुटला.

"आईचं आईला द्यायला."

गलबत निघून गेले. धाकू गेला नाही. खाडीच्या मुखाशी नवा खांब त्यानेच तासून रोवला, आणि जन्माचा खारवी असून पुन्हा कधी जाळे हाती धरले नाही.