बुडबुडे थांबले तेव्हा

"थांबले! परत थांबले!"

असं ओरडत, हातातले पत्ते टाकून तोफ पळत सुटला. त्याच्यामागे चौकशी, आणि तिच्यामागे लंबू. ओसरीवरून थेट टाकीच्या खोलीत!

दारातच तिघांचे पाय मंदावले. सुट्टी लागल्यापासून या खोलीत, दुपारची दहा मिनिटं सोडली तर, एक आवाज अखंड चालू असायचा. बुडबुड, बुडबुड. भिंतीएवढ्या लांब टाकीच्या तळातून हवा वर यायची. कानांना त्याची इतकी सवय झाली होती, की तो आवाज ऐकूच यायचा नाही. आता मात्र शांतता ऐकू येत होती.

पाणी आरशासारखं गप्प पडलं होतं. त्या आरशाखालून हजारो इवलीशी तोंडं वर येत होती. नखाएवढी पिल्लं. तोंड उघड, मीट. उघड, मीट.

"हवा मागताहेत," लंबू हलकेच म्हणाला.

लंबूची आई म्हणजे चौकशी आणि तोफची मावशी. हे मत्स्यबीज केंद्र तीच चालवायची. टाकीत साठ हजार पिल्लं होती आणि शनिवारी ती तलावात सोडायची होती. मागच्या हंगामातली पिल्लं रोगानं गेली होती. "हीसुद्धा गेली, तर केंद्राला टाळंच," असं मावशीला फोनवर बोलताना चौकशीनं स्वतः ऐकलं होतं.

मावशी धावत आली आणि तिनं हवेचा पंप चालवणाऱ्या, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पडदा उजळला, अर्धवट उठला आणि विझला. पुन्हा तेच. पाचव्या खेपेला कुठे तो नीट जागा झाला. मग हवेचा मोठा पंप घरघरला आणि बुडबुडे सुटले.

मावशीनं जाळीनं मेलेली पिल्लं गोळा केली. परवा चमचाभर निघाली होती, काल वाटीभर. आज वाडगा भरला.

"व्हायरस!" इंजिनियर काकांनी निकाल दिला. काका केंद्रातली यंत्रं बघायचे. ते खरे इंजिनियर नव्हते, पण तसं म्हटलं की खूश व्हायचे. "कुणीतरी गेम खेळलंय यावर. कोण ते मी नाव घेत नाही." आणि त्यांनी सरळ तोफकडे पाहिलं.

"मी एकदाच खेळलो! दहा दिवसांपूर्वी! मावशीला विचारून!" तोफचा आवाज छताला लागला. उगीच नव्हतं त्याला तोफ म्हणत.

"काका, पण ही नळी?" चौकशीनं विचारलं.

तिचं खरं नाव घरातही कुणी वापरत नव्हतं. कॉम्प्युटरच्या उघड्या पोटातून एक पारदर्शक नळी बाहेर येऊन खालच्या बादलीत उतरली होती.

काकांची छाती फुगली. "ती माझी करामत! प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तो तापतो. त्याला गार ठेवणारा पंखा गेल्या सोमवारी जळाला. म्हटलं, नवा येईपर्यंत थांबतो कोण? तांब्याची डबी बसवली मेंदूवर, बादलीत सोडला छोटा पंप. गार पाणी वर जातं, गरम खाली येतं. पंख्यापेक्षा भारी!"

"आणि बंद पडायला लागला कधीपासून?"

"मंगळवारपासून... ए, चौकशी पुरे! जा, खेळा बाहेर!"

बाहेर गेल्यावर चौकशीनं वही उघडली. "मंगळवारी तीन वाजून आठ मिनिटांनी कॉम्प्युटर बंद. बुधवारीही तीन आठ. आज गुरुवार. आज चार वाजून अठरा मिनिटं."

"म्हणजे आज उशिरा आला काकांचा व्हायरस," लंबू म्हणाला. "झोप लागली असेल त्याला."

"आज मावशीला फोन आला होता. तिनं पिल्लांना खाणं कधी टाकलं?"

लंबूचं हसू मावळलं. "चार वाजून दहा मिनिटांनी."

"आणि रोज तीनला टाकते. दर वेळी आठच मिनिटं जातात." चौकशीनं वही मिटली. "त्याला घड्याळ कळत नाही रे. त्याला खाणं कळतं."

तोफ दोन पावलं मागे सरकला. "ताई, असं नको ना बोलू!"

शुक्रवारी सकाळीच मावशी आणि काका नवं यंत्र आणायला शहरात गेले. जाताना मावशीनं लंबूला बजावलं, "तीनचं खाणं तू टाक. पडद्यावरचं 'खाणं' बटण दाबलं की हवा थांबते, नाहीतर भुकटी उडून कडेला जाते आणि पिल्लं उपाशी राहतात. दहा मिनिटांनी कॉम्प्युटर आपणहून हवा सुरू करतो. माहीत आहे ना?"

"माहीत आहे गं! पण नाही सुरू झाली तर?"

मावशीनं काकांकडे पाहिलं. काकांनी पँटचा खिसा थोपटला. "भिंतीवरच्या पेटीत हातानं चालू करायचा खटका आहे. किल्ली माझ्याकडे सुरक्षित आहे!"

गाडी गेली, आणि किल्लीही गेली. हे तिघांच्या लक्षात आलं तेव्हा पावणेतीन झाले होते.

"आज खाणं नकोच टाकू या," तोफ म्हणाला.

"उपाशी राहिली तर एकमेकांना खातील," लंबू म्हणाला. "खरंच खातात. मी पाहिलंय."

चौकशीनं ओठ चावला. "मग टाक. पण डोळ्यांत तेल घालून बसू. तोफ, पडद्यावर प्रोसेसरचं तापमान दिसतं, ते मोठ्यानं वाच. मी नळीजवळ थांबते."

नळी तिनं दोन बोटांत धरली. आत पाणी धावत होतं. नळी मांजराच्या गळ्यासारखी थरथरत होती.

"चोपन्न!" तोफ ओरडला.

बरोबर तीनला लंबूनं बटण दाबलं. मोठा पंप थांबला. बुडबुडे विरले. लंबू भुकटी शिंपडायला लागला.

आणि चौकशीच्या बोटांतली नळी मेली.

हळू झाली नव्हती ती. थरथर एकदम थांबली होती. पाणी नळीत होतं तिथेच उभं राहिलं होतं.

"एकसष्ट! ताई, सत्तर!"

चौकशी गुडघ्यांवर बसली. छोट्या पंपाची वायर बादलीतून निघून, टाकीच्या मागून, भिंतीवरच्या लाल बोर्डात गेली होती. मोठ्या पंपाची पक्की बसवलेली जाड वायर जिथून निघत होती, तोच हा बोर्ड! काकांना तिथे एक रिकामी जागा दिसली आणि त्यांनी प्लग खुपसून दिला होता.

"लंबू! 'खाणं' दाबल्यावर यंत्र हा अख्खा बोर्ड बंद करतं?"

"हो, हवा बंद करायची तर..." लंबूचा हात हवेतच राहिला. "अरे देवा! स्वतःचं पाणीसुद्धा तोडतं!"

"म्हणून तापतं, म्हणून झोपतं! आणि झोपलं की हवा परत सुरू कोण करणार? थांबव ते, रद्द कर!"

"रद्द करायचं बटणच नाही! काकांनी ठेवलंच नाही!"

"ब्याऐंशी! त्र्याण्णव! नव्व्याण्णव!" आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच तोफ कुजबुजला, "गेला."

तीन वाजून आठ मिनिटांनी पडदा काळा झाला. पुन्हा ती शांतता पसरली. पाण्याखालून एक तोंड वर आलं. मग दहा आली. मग मोजताच येईनात.

लंबूनं फोन लावून तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"कशालाही हात लावू नका!" पलीकडून काका खेकसले. "सांगितलं ना व्हायरस आहे! आम्ही दोन तासांत येतोच!"

"दोन तासांत काय उरेल, काका?" लंबू ओरडला. पण फोन कटला होता.

चौकशीनं पाण्याकडे पाहिलं. हात लावावा, तर मोठ्यांनी नाही म्हटलंय. न लावावा, तर हे समोर... उघड, मीट. उघड, मीट.

"तगारी घ्या!" ती म्हणाली. "टाकीतलं पाणी उचला आणि उंचावरून परत ओता. जितका फेस होईल, तितकी हवा मिसळेल. फक्त भरताना पिल्लं येऊ देऊ नका, जाळी धरा!"

"आणि तू?"

"मी प्लग बदलते."

"ओल्या हातांनी?" लंबू ओरडला. "तू काय वेडी आहेस का!"

ती थबकली. हात कोपरापर्यंत ओले होते. समोर पिल्लं तडफडत होती, आणि तरीही तिनं पंचा घेऊन एकेक बोट कोरडं केलं, तळवे कोरडे केले, चपला घातल्या. तेवढं अर्धं मिनिट तिला तासासारखं वाटलं. मग तिनं लाल बोर्डातला प्लग उपसला आणि कपाटामागच्या साध्या सॉकेटमध्ये, यंत्राची सत्ता जिथे चालत नव्हती तिथे, बसवला.

नळी थरथरली!

"पाणी आलं! पण लगेच बटण दाबायचं नाही. डबी गार होऊ दे. एकशेवीस मोजायचे. घाई केली की ते अर्धवट उठून परत पडतं, रोज पडायचं तसं."

तोफ आणि लंबू तगारी ओतत होते. धपाक! धपाक! पण टाकी लांबलचक होती आणि फेस दोन हातांपलीकडे पोचत नव्हता. पलीकडच्या कोपऱ्यात पहिली पांढरी पोटं उलटी झाली.

"ऐंशी... एक्क्याऐंशी..."

"ताई, लवकर मोज ना!"

"लवकर मोजून गार होत नाही रे ते!" तिचाच आवाज रडवेला झाला होता. "एकशेएकोणीस, वीस!"

बटण. पडदा उजळला, अर्धवट उठला. तिघांनी श्वास रोखला. पडदा तसाच उजळ राहिला. तापमान एकावन्न. आणि मग भिंतीच्या पेटीत खट्ट झालं, मोठा पंप खोकला, घरघरला...

बुडबुड. बुडबुड, बुडबुड!

तोफ भरल्या तगारीसकट मटकन खाली बसला आणि नखशिखान्त भिजला.

संध्याकाळी मावशी नवं खोकं घेऊन आली, तेव्हा टाकीजवळ एक बशी होती. बशीत मेलेली पिल्लं होती, मोजून सतरा. मावशीनं बशीकडे पाहिलं, मग टाकीकडे. मग चौकशीची वही पहिल्या पानापासून वाचली. वाचून झाल्यावर ती लाल बोर्डापाशी गेली, वायरीच्या वाटेवरून बोट फिरवत बादलीपर्यंत आली आणि काकांना म्हणाली, "जरा इकडे या."

काकांनी पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. "रिकामी जागा दिसली म्हणून..." ते पुटपुटले. मग तोफसमोर उकिडवे बसले. "बाळा, व्हायरस तू नव्हतास. मी होतो."

"आणि मी रोज माझ्याच हातानं ते बटण दाबत होते," मावशी म्हणाली. तिनं तिघांना एकदमच कुशीत ओढलं. "मी तीन दिवस नुसती घाबरले. तुम्ही घाबरलात, आणि तरी मोजत राहिलात. उद्या पिल्लं तलावात सोडायची ती तुमच्या हातांनी!"

काका तोवर हातोडी घेऊन आले होते. पेटीची किल्ली टांगायला ते भिंतीत खिळा ठोकणार, एवढ्यात चौकशी म्हणाली, "काका, एक विचारू?"

"विचार बाई, विचार! यापुढे तुला कधी नाही म्हणणार नाही."

"इतक्या उंचावर तोफचा हात कसा पोचेल?"

काकांनी तोफला भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावला, आणि त्याच्या बोटांखाली एक वीतभर अंतर सोडून खिळा ठोकला. ठोकणं थांबलं. पाचही जणं कान देऊन ऐकत होती. बुडबुड, बुडबुड.