डावं पान

"...त्या पुस्तकातलं वाजवलं, की माणिकबाई डाव्या अंगाले येऊन बसते. अन् मंग ती पोर..."

पुढचं पार्बताबाई बोलली, पण तेवढ्यात चक्कीचा पट्टा फिरला आणि उरलेल्या बोलण्याचं पीठ झालं. शकुनने पिठाचा डबा उचलेपर्यंत पार्बताबाई लेकीकडे वलगावला निघूनही गेली.

शकुनला अर्धी गोष्ट पचत नाही. त्यातून ते पुस्तक होतं शेजारच्या आचलकडेच! नव्याने पियानो शिकणाऱ्यांचं, मोठ्या ठशाच्या स्वरलिपीचं. उजवं पान शिकणाऱ्याचं, डावं शिकवणाऱ्याचं. दोघांनी एकाच बाकावर बसून एकच धडा वाजवायचा. अचलपूरच्या माणिकबाई दर गुरुवारी शिकवायला यायच्या. धडा बसला, की डाव्या पानावर पेन्सिलीने तारीख टाकायच्या. दिवाळीत त्या वारल्या आणि पुस्तक आचलकडेच राहिलं.

रविवारी अकोल्याला स्पर्धा होती. मागच्या वर्षी आचल वाजवता वाजवता मध्येच गोठली, लोक हसले. "यंदा मधातच थांबली, तर क्लास बंद," असं तिच्या आईने, रागिणीने, बजावलं होतं. भुताचं विघ्न नको म्हणून शकुनने शहाणपणा केला. स्पर्धेसाठी धड्यांची झेरॉक्स हवी होती, ती काढायला स्वतः गेली आणि फक्त उजव्या पानांची काढून आणली. पुस्तक लाल फडक्यात बांधून आपल्या कपाटात कुलूपबंद.

"डावी पानं त्या बाईची. काहून बलावता तिले?" तिने रागिणीला ऐकवलं.

डावी बाजू नव्या गजेंद्र सरांना पाठ होती. तेच सोबत बसणार होते.

अकोल्यात मे महिन्याची दुपार. रस्त्यावर कुत्रंही नाही. आचलचं नाव पुकारलं आणि सरांचा फोन आला. मूर्तिजापूरजवळ त्यांची एसटी बंद पडली होती.

"चाल घरी, बाई," शकुन म्हणाली.

"मावशी, मले वाजवा लागते."

"एकटी?"

"एकटीच."

पोर सवयीने बाकाच्या उजव्या टोकाला बसली. तेवढ्यात लाईट गेली. कूलर घरघरत थांबले. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसरीला बोट अडखळलं... थांबलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

आणि बाकाचं रिकामं टोक करकरलं.

निलगिरीच्या तेलाचा वास आला. माणिकबाई दुखऱ्या बोटांना चोळायच्या, तोच. शकुन पहिल्याच रांगेत होती. तिच्या डोळ्यांदेखत डावीकडच्या पट्ट्या दबू लागल्या... एकेक... सावकाश... पोरीची वाट बघत. आचलने डावीकडे पाहिलं नाही. तिने फक्त पाठ ताठ केली, आणि मग असं वाजवलं, असं वाजवलं, की शेवटचा सूर विरायच्या आत हॉल उभा राहिला!

पहिला नंबर!

"सोबत कोण होतं, बेटा?" अंधारात डोळे ताणून परीक्षकांनी विचारलं.

"आमच्या बाई."

संध्याकाळी अमरावतीला घरी पोचताच शकुनने फोन लावला. "पार्बता, त्या दिवशीचं पुढचं सांग. मंग ती पोर काय?"

"मंग ती पोर पियानोले पुन्हा हात लावत नाही म्हणे."

"साफ खोटं! ढाल घेऊन आली माही पोर!"

हसत हसत तिने पुस्तक परत द्यायला कुलूप उघडलं. फडक्याची गाठ तिने मारली होती तशीच होती. आतमध्ये आजच्या धड्याच्या डाव्या पानावर पेन्सिलीने आजची तारीख. बाईंचंच तिरपं अक्षर.

शकुनने पान उलटलं. पुढच्या धड्यावरही तारीख पडली होती...

येत्या गुरुवारची.