ओठ असलेलं फूल

काचघरातली तिळाची फुलं पाहून ऋजुताने दात आवळले. तिळाच्या फुलाला खालचा ओठ असतो, त्यावर मधमाशी उतरते. ही फुलं मात्र घंटेसारखी, चहूबाजूंनी सारखी होती. मधमाश्या विरळ झाल्यावर पराग वाहायला आलेली चिमुकली परागयंत्रं अशा फुलात कुठूनही शिरत.

दहा वर्षांपूर्वी याच संशोधन केंद्रात ही फुलं तिच्या आईने, डॉ. यमुना पेडणेकर यांनी, फुलवली होती. फुलाची वरची-खालची बाजू ठरवणारं जनुक मोडलेलं नाही, त्याच्यावर एक रासायनिक खूण बसून ते गप्प झालंय, असं आई म्हणायची. तिने त्या खुणेला नाव दिलं होतं मौनखूण. संचालक साबडे यांनी जनुक तपासून घेतलं. त्यातली डीएनएची अक्षरं जशीच्या तशी निघाली. जनुक शाबूत, तर मग फुलं बदलतील कशी, असं म्हणत त्यांनी तिला लबाड ठरवून काढून टाकलं. गेल्या महिन्यात आई गेली. ऋजुता तिच्या वह्या न्यायला आली होती.

वह्या केव्हाच रद्दीत गेल्याचं साबडे यांनी सांगितलं. न वाचताच, हेही सांगितलं.

"तू वनस्पतिशास्त्र शिकवतेस, तुला कळेल. आताची ही फुलं माझी आहेत, मी जनुक सरळ कापून टाकलं. यमुनाबाईंसारखी त्याला झोपवायला अंगाई गात बसलो नाही."

"म्हणजे ओठ पुन्हा येणार नाही?"

"कापलेलं बोट उगवतं का?"

ऋजुता वाफ्यांमधून चालत गेली. तापलेल्या काचेला टेकलेल्या एका झाडाला कोवळी फांदी फुटली होती. तिच्यावरचं पहिलंच फूल उमललं होतं. त्याला ओठ होता.

"सर, हे बियाणं माझ्या आईचं आहे."

साबडे वाकले. मग त्यांनी ते फूल खुडून खिशात घातलं.

"कोणतं फूल?"

साबडे यांचं हे वाण बघायला उद्या सकाळी नऊ वाजता सरकारी समिती येणार होती. आपणही येऊ, एवढंच ऋजुता म्हणाली.

"ये की. हार घेऊन ये."

उन्हाने एखाद्या पेशीतली मौनखूण पुसली, तर त्या पेशीतून फुटलेली अख्खी फांदी ओठवाली फुलं देते, असं आईच्या वहीत होतं; तिनेच ते ऋजुताला वाचून दाखवलं होतं. फांदीवर आणखी सहा कळ्या होत्या, काही उद्याच उमलतील अशा टपोऱ्या. तीळ पहाटे उमलतो.

साबडे यांनी ती वही वाचली असती, तर फांदीच कापली असती.