दस्तगीरची हलगी, दस्तगीरशिवाय

हुपरीत आता वादक आला नाही म्हणून रेकॉर्डिंग थांबत नाही. कुणाच्या घरी मयत होते, कुणाची गाडी वाटेत बंद पडते, कुणी रुसून बसतो. तरी ठरल्या वेळी स्टुडिओचा लाल दिवा लागतो आणि न आलेला माणूस ठरल्याप्रमाणे वाजवतो. सुरुवातीला लोक याला भूत म्हणाले. मग सोय म्हणाले. आता काहीच म्हणत नाहीत. डोक्यावरच्या पंख्याला कोण काय म्हणतं?

हा न आलेला माणूस वाजवतो कसा, हे दस्तगीर जमादारला नीट कळलं तेव्हा तो न आलेला माणूस तोच होता.

दस्तगीर हा नवरत्न बेंजो पार्टीचा हलगीवाला. एरवी चांदीच्या पैंजणांचं ओतकाम करायचं आणि लग्नसराई, मिरवणुका, उरूस आले की गळ्यात हलगी अडकवायची, यात त्याची हयात गेली. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लाकडाच्या ओंडक्यासारखा मांडीवर पडून राहिला. पार्टीचा मालक आणि बेंजोवाला भूपाल चौगुले बघायला आला तो रडला, आणि उठताना म्हणाला, "तुझी जागा कुणाला देत न्हाई बग."

हे नुसतं तोंडदेखलं बोलणं नव्हतं. नवरत्नची रीतच तशी. माणूस हयात असेपर्यंत त्याच्या जागी दुसरा उभा करायचा नाही. मागे एकदा खुळखुळेवाला मारामारीत तुरुंगात गेला, तर तो सुटून येईपर्यंत पार्टी खुळखुळ्याविना वाजली. पण दुसरा घेतला नाही.

वर्षभर दस्तगीरनं तो हात तुरीच्या डाळीत खुपसून, भिंतीला घासून, हलगीचं टिपरू दोरीनं बोटांना बांधून जिवंत केला. घरच्यांना वाटलं, पुन्हा ओतकामाला बसायची धडपड चाललीय. ओतकामाचं त्याला काही पडलं नव्हतं. त्याला ती जागा हवी होती, बेंजोच्या उजव्या हाताला, ऑक्टोपॅडच्या पुढ्यात. आपली म्हणावी अशी दुसरी जागा त्याला जगात नव्हती.

टेक. पहिला.

स्टुडिओ म्हणजे चांदीच्या बंद पडलेल्या कारखान्याची मागची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना वाकळा ठोकलेल्या. दस्तगीरनं दाराबाहेर वर्तमानपत्र पेटवून हलगी शेकली, कातडं चढलं तशी टिचकी मारून पाहिली आणि आत आला.

"बसा की चाचा," रोहिणी म्हणाली. ही भूपालची मुलगी. ऑक्टोपॅड तिच्याकडे. "खुर्ची पुसून ठेवलीया तुमची."

"खुर्ची? मी काय मंत्री हाय?"

"मंत्री असतास तर बरं होतं," भूपाल म्हणाला. "आमालाबी फुकटचं चार हार मिळालं असतं."

तिघांनी कपाळाला पातळ पट्ट्या बांधल्या, बोटांत रबरी अंगठ्या घातल्या. वर्षभरात ही एवढीच गोष्ट नवी होती. भूपालनं मान हलवली आणि बेंजो सुटला. दस्तगीरचा हात आपोआप उठला. उजव्या हातातलं टिपरू पडत होतं, डाव्यातली काडी बोलत होती, मधलं वर्ष कुणीतरी पुसून टाकल्यासारखं झालं आणि

भूपाल अडखळला.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा त्याच जागी. तिसऱ्या वेळी रोहिणी चुकली, जी कधी चुकत नसे.

"दस्तू," भूपाल हळूच म्हणाला, "जरा मागं पडतोयस का?"

"मी? मला वाटालंय तुमीच पळालाय."

भूपालनं बेंजोवरची धूळ फडक्यानं पुसली. बेंजोवर धूळ नव्हती.

काचेपलीकडे

तिथं डॉ. केतकी वाळिंबे बसायच्या. यंत्र त्यांचं. माणसं एकत्र वाजवतात तेव्हा त्यांच्या मेंदूंत काय चालतं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. आणि मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जे मिळत नाही ते बेंजो पार्टीत मिळतं, असं त्यांचं मत. कागदावर काही न लिहिता, वर्षानुवर्षं एकमेकांना धरून वाजवणारी माणसं.

"मॅडम, खरं सांगा," दस्तगीर दार लोटून म्हणाला. "हात गेला का माझा?"

"नाही. तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगशी ताडून बघितलं. तेव्हा वाजवायचा तसंच वाजवताय."

"मग त्यांचा गेला?"

"त्यांचाही नाही." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "दोघं हमाल पोतं झुलवून ट्रकमध्ये टाकतात, बघितलंय ना? पहिल्याचा हिसका बसल्यावर दुसऱ्यानं जोर लावला तर पोतं खाली पडेल. दुसरा तेवढी वाट बघत नाही. हिसका कधी येणार, ते त्याच्या अंगाला आधीच ठाऊक असतं. वाजवणंही तसंच. तुमचा ठोका कानावर आल्यावर भूपालरावांनी बोट हलवलं, तर उशीर होईल. त्यांचं बोट आधीच निघालेलं असतं, तुमचा ठोका येणार असं धरून. त्यासाठी त्यांच्या मेंदूत तुमची एक प्रत सतत वाजत असते. रोहिणीच्या मेंदूत दुसरी. याला मी अपेक्षाठसा म्हणते. माणूस आला नाही, तरी सोबत्यांच्या मेंदूतला ठसा वाजायचा थांबत नाही. पट्टी आणि अंगठ्या तो टिपतात. यंत्र दोन्ही ठसे जुळवतं आणि तुमचा आवाज घालून स्पीकरवर वाजवतं."

दस्तगीरनं जरा विचार केला. "म्हंजे साचा त्यांच्याकडं. आनि ओतीव मी."

"अगदी तसंच."

"त्या आंदाज्याचं बोलताय तुमी. रोहिणी त्याला आंदाज्या म्हनती."

"हो, तोच."

"मी पडून होतो, तवा ह्योच वाजवत होता?"

"रोज. तालमीला, लग्नात, रेकॉर्डिंगला. मी म्हटलं होतं, तात्पुरता दुसरा हलगीवाला घ्या. भूपालराव माझ्यावरच उखडले. दस्तगीरच्या जागेवर दस्तगीरच वाजंल, म्हणाले."

"मग चांगलंच की."

डॉक्टरांनी विचारलं, "साच्यातून पैंजण काढलं. त्याच पैंजणावरून नवा साचा केला. त्यातून पुन्हा पैंजण, त्यावरून पुन्हा साचा. काय होतं?"

"नक्षी बसती. कड जाती." दस्तगीर बोलता बोलता सावकाश झाला. "शेवटाला नुसतं गुळगुळीत निघतं."

"त्यांच्या ठशातून आंदाज्या निघाला. त्याला ऐकून त्यांचा ठसा थोडा बदलला. बदललेल्या ठशातून दुसऱ्या दिवशीचा आंदाज्या. मध्ये तुम्ही कुठंच नव्हता, खरा ठोका मारून त्यांना थांबवायला. दुसरा कुणी वादक असता, तर त्याचा ठसा वेगळा पडला असता, तुमचा होता तसा बाजूला राहिला असता. पण आंदाज्याला ते तुम्हीच समजून ऐकत राहिले. दस्तगीर म्हणून आज ते ज्याच्यासाठी जागा सोडतात, तो तुम्ही नाही."

काचेपलीकडे भूपाल आणि रोहिणी काहीतरी बोलत होते. आवाज येत नव्हता.

"म्हंजे माझ्यावर जीव नसता," दस्तगीर म्हणाला, "तर जागा ऱ्हायली असती."

डॉक्टर म्हणाल्या, "हो."

हेडफोन

त्यानं आंदाज्या ऐकला.

सुंदर होता. आपण इतकं चांगलं कधी वाजवलं नाही, हे त्याला पहिल्याच फेरीत कळलं. एक ठोका जड नाही, एक हलका नाही. गाणं संपलं तरी तो वाट बघत बसला, आणि कशाची वाट बघतोय ते मागाहून त्याच्या लक्षात आलं. चिमटा आलाच नव्हता.

चिमटा म्हणजे त्याची खोडी. प्रत्येक गाण्यात एकदा, कुठंही, एक ठोका मुद्दाम सरकवून मारायचा. कुठं मारणार हे त्याला स्वतःलाही आधी माहीत नसे. भूपालचं बोट घसरायचं, तो चालत्या गाण्यात शिवी हासडायचा, मिरवणुकीतली पोरं शिट्ट्या मारायची. कित्येक लोक तेवढ्यासाठी नवरत्नच्या मागं मागं चालत.

"ह्यात चिमटा न्हाई मॅडम."

"असणार नाही. जे येणार हे ठाऊक नसतं, त्याचा ठसा कसा उमटेल? ठशात तुमचं तेवढंच राहतं, जेवढ्याची त्यांना सवय झालेली असते."

"मग आता?"

दोनच वाटा होत्या. पार्टीनं वाजवणं बंद करायचं, ठसा पुसट होईपर्यंत. किती दिवस, हे डॉक्टरांना सांगता येईना. पुसट होईलच, असंही सांगता येईना. नाहीतर दस्तगीरनं

"त्याच्यासारखं वाजव की जरा," भूपाल म्हणाला. सगळं ऐकून तो हादरला होता, पण लग्नसराई तोंडावर आली होती. त्यानं दस्तगीरचा बरा झालेला हात दोन्ही हातांत धरला. "तुला काय अवघड हाय, दस्तू? तो तूच हाईस की."

मधले टेक

"पुढं, चाचा. थोडं पुढं."

"आता?"

"आता लई पुढं."

"अगं, मी हाय तिथंच हाय."

"मग तिथं नका राहू."

दस्तगीर आंदाज्या घरी घेऊन गेला. कानाला लावून त्याच्यामागं वाजवत राहिला, पोर बापाच्या पावलात पाऊल टाकतं तसा. हात शिकला. हाताला एकदा मेल्यातून उठायची सवय झाली होती, हे त्या मानानं सोपं होतं.

"आता कसलं झ्याक बसलं. पर ते मधी काय वाजलं?"

"चिमटा."

"नको चाचा. पप्पा घसरत्यात."

"आदीबी घसरायचा की त्यो."

"आदी हसायचं."

"चुकून आला."

"चुकूनबी नको."

टेक. ठेवण्याजोगा.

त्या दिवशी कुणी अडखळलं नाही. डॉक्टरांच्या पडद्यावर दस्तगीरच्या ठोक्यांची रेघ आंदाज्याच्या रेघेवर पडली होती. रोहिणीनं पहिल्या फेरीनंतर त्याच्याकडे बघून भुवई उडवली. जागा मिळाली होती.

यंत्र आधारावर ठेवलेलं होतं. आधार म्हणजे वादकाचा ठोका केसाएवढा हुकला, तर त्याचा ठसा तेवढा भरून काढतो. आता सगळीकडे तसंच ठेवतात. कुणी विचारतही नाही.

मधल्या फेरीला दस्तगीरचं मनगट थकलं. एक ठोका राहून गेला.

हेडफोनमध्ये तो वाजला.

दस्तगीरनं पुढचा ठोका मारला नाही. तोही वाजला. मग त्यानं टिपरू हवेत धरून ठेवलं. हलगी चालूच होती, गुळगुळीत, देखणी. त्यानं टिपरू आणि काडी खाली ठेवली आणि दोन्ही पंजे कातड्यावर सपाट टेकले. कातडं हलत नव्हतं.

भूपालचे डोळे मिटलेले होते. मान नेहमीसारखी उजवीकडे कललेली, दस्तगीरकडे. बोटं आणि ओठ एकदमच हलत होते. दस्तगीरनं रोहिणीकडे पाहिलं. तीही त्याच्याकडेच बघत होती, सरळ, उघड्या डोळ्यांनी. त्याचे हात मांडीवरच्या हलगीवर पडलेले होते आणि ती त्याच्या ठोक्यांवर मान डोलावत होती. समेवर तिनं त्याला दाद दिली.

त्याला वाटलं, ओरडावं. मग वाटलं, ओरडलो तर गाणं मोडेल, आणि मोडलं ते माझ्यामुळं मोडलं, असंच होईल.

गाणं संपलं. भूपालनं हेडफोन काढला. त्याचा चेहरा ओला झाला होता.

"आज आलास बग," तो म्हणाला. "वरसभर सगळ्यांला सांगालोय, दस्तू येनार, दस्तू येनार. आज आलास."

दस्तगीरनं काचेकडे पाहिलं. डॉ. वाळिंबे उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर त्याच्या माईकची रेघ गाण्याच्या अर्ध्यापासून पुढे आडवी पडलेली असणार. त्यांचं बोट इकडे बोलायच्या बटणावर होतं. त्या त्याच्याकडे बघत होत्या.

दस्तगीरनं हळूच मान हलवली. नको.

त्यांनी बोट उचललं.

"काय बगतोस तिकडं?" भूपाल म्हणाला. "दम लागला का?"

"न्हाई."

"मग दुसरं गाणं घेऊया? हात चालतोय तवर."

"घ्या की," दस्तगीर म्हणाला, आणि आपल्या जागेवर बसून राहिला.