पंपबाई आणि बॅटरीवाले

“बूट काढा,” विमानतळावरच्या तपासणीतला एक गणवेशवाला म्हणाला.

“कशाला काढताय? घाला, घाला,” दुसरा म्हणाला.

ती एक बूट पायात आणि एक हातात अशी उभी राहिली. बुटांचं काय, ते गेले असते तरी चाललं असतं. तिचा जीव अडकला होता तो कमरेला अडकवलेल्या काडेपेटीएवढ्या यंत्रात. लहानपणापासूनचा मधुमेह, आणि हा पंप तिच्या अंगात थेंबाथेंबानं इन्शुलिन सोडायचा. सामानाच्या एक्स-रेतून तो जाता कामा नये, असं कंपनीनं बजावलं होतं. गेलाच, तर आत काय बिघडेल आणि एकदम किती इन्शुलिन सुटेल, याची खात्री कुणी देत नव्हतं.

तिला हे पाठ होतं, विमानतळांना नव्हतं. दातांच्या दवाखान्यांतल्या खुर्च्या दुरुस्त करायचं तिचं काम, दर आठवड्याला नवं शहर. एका ठिकाणी म्हणत पंप अंगावरच राहू द्या, दुसऱ्या ठिकाणी काढून ट्रेमध्ये टाका. लॅपटॉप इथे पिशवीबाहेर, तिथे पिशवीत. एवढंच काय, याच विमानतळावर सोमवारी एक कायदा आणि गुरुवारी दुसरा! रांगेत शिरलं की ती आधी पंप चाचपायची, मग डॉक्टरांचं पत्र, मग पुन्हा पंप. तीन वर्षांत नियम शंभरदा बदलले होते, हा क्रम काही बदलला नव्हता.

“तुम्ही दोघं जरा बाजूला थांबा.”

दोघं? तिनं मागे वळून पाहिलं. एक उंच, सडसडीत माणूस आपला पट्टा हातात गुंडाळत शांतपणे उभा होता. डोळे मात्र हसत होते.

“तुमचं काय?” तिनं विचारलं.

“पेसमेकर. यांचा तो तपासणीचा दांडा छातीवर धरायचा नाही म्हणतात. तुमचं?”

“पंप. एक्स-रेत जायचा नाही.”

“अरे वा! म्हणजे दोघंही बॅटरीवर.”

तिला हसू फुटलं. रांगेत हसण्याची ती तिची पहिलीच वेळ, तीही हातात बूट घेऊन.

त्यानंतर जवळजवळ दर सोमवारी सकाळी ते तिथे भेटू लागले. दोरीपलीकडच्या दोन खुर्च्यांवर, तपासणीचे साहेब येईपर्यंत. तो गावोगावच्या लिफ्ट तपासायचा. ती त्याला बॅटरीवाले म्हणायची, तो तिला पंपबाई.

“तुम्हाला भीती नाही वाटत?” तिनं एकदा विचारलं. “म्हणजे... बंदच पडलं तर?”

“लिफ्ट बंद पडली की लोक आधी आरडाओरडा करतात, मग एकमेकांशी गप्पा मारतात. मी थेट गप्पांवर येतो.”

“उडवून लावू नका हं.”

“बरं, नाही लावत. पण आता श्वास घ्या, पंपबाई. मघापासून धरून ठेवलाय तुम्ही.”

खरंच धरला होता. हे त्याला कसं कळलं, या विचारानंच ती कानापर्यंत लाल झाली.

फोन नंबर मात्र कुणीच मागितला नाही. त्यानं मागावा, असं तिला दर सोमवारी वाटायचं, आणि मागितला तर आपण देऊन बसू, याची धास्तीही वाटायची. यंत्राच्या भरवशावर जगणं काय असतं, ते तिला ठाऊक होतं. स्वतःची काळजी पुरून उरत होती, त्यात आणखी एका माणसाची? नको गं बाई, असं ती मनाला दटावायची. मन ऐकत नव्हतं.

मग एका सोमवारी नवंच फर्मान निघालं. डॉक्टरांचं पत्रसुद्धा हातात धरायचं नाही, ट्रेमध्ये ठेवायचं. दोघांचीही पत्रं निळ्या प्लॅस्टिकच्या फायलींत होती. त्याच्या विमानाची शेवटची हाक झाली, त्यानं समोर दिसली ती फाइल उचलली आणि “येतो!” म्हणत तो पळाला.

मंगळवारी दुपारी, परतीच्या विमानतळावर, तपासणाऱ्या बाईंनी तिची फाइल उघडली.

“हे पत्र पुरुषाचं आहे. वय चौतीस. पेसमेकर.” बाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुमचं पत्र कुठाय?”

तिनं कागद हातात घेतला. शेवटच्या ओळींवर तिची नजर खिळली. ‘बॅटरी संपत आली आहे. बदलण्यासाठी बुधवारी सकाळी दाखल करणार. तोपर्यंत प्रवास टाळण्यास सांगितले आहे.’

बुधवार म्हणजे उद्या. आणि हा शहाणा प्रवास करत हिंडत होता! तोही स्वतःच्या पत्राशिवाय. कुणी न ऐकता तो दांडा त्याच्या छातीवर धरला तर? आपण पंपासाठी घाबरलोच नाही आहोत, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती आणखीच घाबरली.

“पत्र नाही, तर पंप ट्रेमध्ये. नाहीतर विमान सोडा,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा होता.

“कोण गं हा बॅटरीवाला?” आईनं सुरुवातच तिथून केली. “तुझ्या पत्रावर माझा नंबर होता ना, त्यावर फोन आला. दोनदा बजावलंन मला, मुलीला पंप ट्रेमध्ये ठेवू देऊ नका. पत्राचा फोटो पाठवलाय, तो तुला पाठवते. तो स्वतः कुठेतरी विमानतळावरच अडकलाय म्हणे. आवाज चांगला आहे हो!”

“आई, त्याचा नंबर दे. आधी नंबर दे!”

फोटो पाहून बाईंनी साहेबांना विचारलं, साहेबांनी आणखी कुणाला. ते चाललं असताना तिनं फोन लावला.

“बॅटरीवाले, जागचे हलू नका. कुणाला जवळ येऊ देऊ नका. तुमचं पत्र पाठवतेय.”



“म्हणजे... वाचलंत?”

“वाचलं. उद्या सोबत कोण आहे?”

“कुणी नाही. आईवडील गेले, भाऊ समुद्रापलीकडे. लहानसंच तर काम आहे.”

“घाबरलायत?”

तो नेहमीसारखं काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली.

“हो,” तो म्हणाला. “खूप.”

फोटो दाखवून त्या दिवशी दोघंही सुटले. बुधवारी सकाळी सातला ती पत्रावरच्या इस्पितळात पोचली. तो निळसर झग्यात पलंगाच्या कडेला बसला होता, पाय लोंबकळत. तिला पाहून त्यानं पटकन झग्याची नाडी सारखी केली. तिनं ती न पाहिल्यासारखं केलं.

“कामावर नाही गेलात?”

“खुर्च्या कुठे पळून जात नाहीत.”

“घरी जा, पंपबाई. हे असं दर काही वर्षांनी होणार. तुमच्यामागे आधीच कमी कटकटी आहेत का?”

“मी रोज सकाळी आधी माझा पंप तपासते,” ती म्हणाली. “मला यंत्राची सवय आहे. तुमची नाहीये... म्हणजे, तुम्ही नसण्याची नाहीये.”

परिचारिका कागद घेऊन आली. “यांच्यासोबत तुम्ही का? इथे सही. आणि नातं लिहा.”

तिनं पेन उचललं. ते अधांतरीच राहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

“काय लिहू?”

“तुम्हाला वाटेल ते.”

“शाई आहे. खोडता येणार नाही.”

“खोडायचंय कुणाला?”

तिनं लिहिलं. त्यानं वाचलं आणि मान खाली घातली. तिच्या थंडगार बोटांवर त्याचा हात आला, तोही तितकाच थंडगार. मग त्याला आत नेलं.

पुढचा सव्वा तास तिनं बाकावर बसून काढला. समोरच्या दाराला गोल काच होती आणि काचेतून काहीच दिसत नव्हतं. दोनदा पंप इशारा देत गुणगुणला, दोनदा तिनं रक्तातली साखर तपासली, ग्लुकोजच्या गोळ्या चघळल्या. एवढी भीती तिला कुठल्याच रांगेत वाटली नव्हती. तरीही उठून जावंसं एकदाही वाटलं नाही.

दार उघडलं. परिचारिकेनं हातातल्या कागदावरचं वाचून बाकांकडे पाहिलं.

“पेसमेकरवाल्यांच्या होणाऱ्या पत्नी कोण?”

ती उभी राहिली. “मी.”

“छान झालं सगळं. चला, कधीपासून तुम्हालाच विचारताहेत.”